पाहुण्याने पाहिलेले गाव

श्रोतेहो, चाकण-पिंपरीच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना परदेशी पाहुण्याचे आता नवल राहिलेले नाही. कारखान्याच्या कामासाठी कुणी जर्मनीहून येतो, कुणी जपानहून. चार दिवस फिरतो, वहीत टिपणे करतो आणि घरी जाऊन अहवाल लिहितो. त्यात आपल्याविषयी काय लिहिले हे आपल्याला सहसा कळत नाही. पण इकडचे पुष्कळ काही त्या कागदावरून ठरते.

ही गोष्ट आजची नाही. ख्रिस्ती मिशनांचे काम पाहायचे आणि मायदेशी जाऊन सांगायचे, यासाठी परदेशी माणसे आपल्या मुलखात दीडशे वर्षांपूर्वीही येत होती. आजही श्रीमंत देशांतले लेखक आणि पत्रकार आफ्रिकेत, आशियात अशाच कामावर जातात. हे पाहणे-सांगणे कसे चालते आणि ते वाचताना आपण काय विचारावे, याचा आज थोडा विचार करू.

मुळात प्रश्न पैशाचा असतो. अमेरिकन मराठी मिशन 1813 साली मुंबईत सुरू झाले आणि 1831 साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, पोचले. त्याचा खर्च अमेरिकेतल्या भाविकांच्या वर्गणीवर चाले. तिकडचा साधा शेतकरी आपल्या मिळकतीतून काही बाजूला काढी. मग त्याच्या पैशाचे काय झाले, हे त्याला सांगायला नको का? म्हणून पत्रे जात, वार्षिक अहवाल जात आणि एखादे वेळी कुणी जबाबदार माणूस स्वतः पाहायला येई. हिशेब मागण्यात गैर काही नाही. सोसायटीच्या सभेत आपणही तो मागतोच.

असे दोन पाहुणे 1854 च्या अखेरीस आले. बॉस्टनच्या मुख्य कचेरीचे चिटणीस रूफस अँडरसन आणि त्यांचे सोबती थॉम्पसन. त्यांनी मुंबई पाहिली, नगर पाहिले. इथले काम इथल्या भाषेत चालावे आणि मंडळ्या इथल्याच माणसांनी सांभाळाव्यात, असे अँडरसन यांचे म्हणणे होते. त्याच वर्षी नगरला हरी रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्ण विनायक मोडक यांना पाळकपद मिळाले. परक्या माणसाने घरच्या माणसावर विश्वास टाकला, हे चांगलेच झाले.

पण त्याच भेटीचा दुसरा परिणाम असा, की मिशनच्या इंग्रजी शाळा बंद झाल्या. इंग्रजी शिकलेला मुलगा सरकारी नोकरी धरतो, मिशनच्या कामाला राहत नाही, असा पाहुण्यांचा हिशेब. तो त्यांच्या जागी बरोबर असेल. पण मुलाच्या बापाला विचारले असते तर? तो म्हणाला असता, "साहेब, नोकरी मिळावी म्हणूनच तर त्याला शाळेत घातला!" पुढे मिशनला इंग्रजी शिक्षणाकडे पुन्हा वळावेच लागले. गुरुजी, तपासणीला आलेल्या साहेबाच्या एका शेऱ्याने शाळेचे काय होते, हे तुम्हांला वेगळे सांगायला नको.

आता दुष्काळाकडे येऊ. 1896-97 साली आणि पुन्हा 1899-1900 साली मोठे दुष्काळ पडले. न्यूयॉर्कच्या 'ख्रिश्चन हेरल्ड' पत्राचे संपादक लुई क्लॉप्श 1900 साली स्वतः हिंदुस्थानात आले. त्यांच्या पत्राने हाडांचे सापळे झालेल्या माणसांची छायाचित्रे छापली. ती पाहून अमेरिकेत लोकांचे हात खिशाकडे गेले आणि 'क्विटो' नावाचे जहाज मका भरून मुंबईच्या बंदराला लागले. त्या मक्याने किती जीव वाचले असतील! ते उपकार नाकारू नयेत.

मात्र छायाचित्रात पोट दिसते, पोटाच्या मागचे कारण दिसत नाही. शेतसारा का माफ झाला नाही, देशातले धान्य बाहेर का जात होते, हे त्यात कसे दिसणार? ते सांगायला इथलीच माणसे लागली. 1896-97 च्या दुष्काळात टिळकांच्या 'केसरी'ने आणि सार्वजनिक सभेच्या माणसांनी शेतकऱ्यांना सरकारच्याच दुष्काळी नियमांतले त्यांचे हक्क समजावून दिले. एक लेखन दूरच्या दात्यासाठी होते, दुसरे खुद्द शेतकऱ्यासाठी. दोन्ही हवीत, पण त्यांतला फरक ध्यानात ठेवावा.

या दोन्ही बाजू एकाच व्यक्तीत पाहायच्या असतील, तर पंडिता रमाबाईंकडे पाहा. त्यांचे आईवडील दुष्काळाच्या उपासमारीत गेले, त्या स्वतः उपाशी हिंडल्या. 1886 साली त्या अमेरिकेला गेल्या, तिथल्या लोकांना इथल्या विधवांचे हाल सांगितले आणि मदत मिळवली. पण एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. परत आल्यावर 1889 साली त्यांनी अमेरिकेची लोकस्थिती मराठीत लिहून काढली. तिथल्या स्त्रियांच्या संस्थांचे कौतुक केले, तसे तिथल्या गोऱ्यांनी काळ्या आणि मूळच्या लोकांवर केलेले अन्यायही सांगितले. ज्यांच्याकडे मदत मागितली, त्यांचेही गुणदोष पाहिले! पुढे शारदासदनातल्या मुलींच्या धर्मांतरावरून 1893 साली पुण्यात मोठा वाद झाला आणि सल्लागार मंडळातले रानडे, भांडारकर दूर झाले. पण दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई मध्य प्रांतात जाऊन अनाथ मुलींना घेऊन आल्या आणि केडगावच्या मुक्तिसदनात त्यांना हाताला काम शिकवले. भूक काय असते, हे त्यांना कुणाच्या अहवालात वाचावे लागले नव्हते.

म्हणून, श्रोतेहो, गरिबांविषयीचा कोणताही अहवाल हाती आला, मग तो मिशनचा असो, सरकारचा असो की वर्तमानपत्राचा, तर एवढेच विचारा: ज्यांच्याविषयी हे लिहिले, त्यांना हे वाचून दाखवता येईल का? ते ऐकून मान डोलावतील, की मान खाली घालतील?

शिक्षकांना एक सुचवतो. चाकणच्या आसपास परप्रांतातून, मराठवाड्यातून आलेल्या कामगारांच्या वस्त्या आहेत. वरच्या वर्गातली चार मुले तिथे न्या. पाणी कुठून येते, भाडे किती, मुले शाळेत जातात का, हे विचारून लिहू द्या. आणि मग तोच कागद त्याच वस्तीत वाचून दाखवा. लोक जिथे "असं नाही, गुरुजी" म्हणतील, तिथे मुलांकडूनच दुरुस्ती करून घ्या.

पाहून आल्यावर काय करावे, याचा धडा जोतीराव फुल्यांनी घालून दिला आहे. ते नगरला गेले, मिशनच्या फरारबाईंची मुलींची शाळा पाहिली आणि 1848 साली पुण्यात स्वतः मुलींची शाळा काढली.