चिंकाऱ्यासाठी नांगर

सुप्याच्या बाजूला थोडी वडिलोपार्जित जमीन असलेल्या एका पुणेकर वाचकाचा प्रश्न आहे. जमीन पाच एकर, त्यातला एकर-दीड एकर पूर्वी बाजरीचा, आता पडीक, बाकी माळ. संध्याकाळी चिंकारे दिसतात. त्यांच्यासाठी चारा पेरावा असं मनात आहे. पंधरा अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर घेऊन झालाय. आता त्यामागे काय जोडावं : रोटाव्हेटर, पलटी नांगर की पाच फणांचा कल्टिव्हेटर? व्हिडिओ बरेच पाहिले, पण प्रत्येक जण वेगळं सांगतो.

व्हिडिओ कुठले असतील याचा अंदाज आहे. अमेरिकेत हा मोठाच छंद आहे. जंगलाच्या कडेला अर्धा-एक एकर नांगरायचा, त्यात क्लोव्हर, सलगम, ओट पेरायचं आणि हरणं चरायला आली की मचाणावर बसायचं, बहुतेक वेळा बंदूक घेऊन. त्या हरणांच्या शेतीवर तिकडे छोट्या अवजारांची मोठी बाजारपेठ उभी आहे. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून बंदुकीचा भाग संपला. पण व्हिडिओतली माती, पाऊस आणि गवत तिकडचंच राहतं, आणि सल्ला मात्र सुप्यापर्यंत पोचतो.

आधी ट्रॅक्टरचं पाहू, कारण अवजाराचा निम्मा निकाल तिथेच लागतो. विक्रेता अश्वशक्ती सांगतो, पण ओढकामात अश्वशक्तीच्या आधी वजन संपतं. गावच्या जत्रेतली रस्सीखेच आठवा. दंड कितीही पिळदार असले तरी पाय घसरले की गडी हरला. जिंकतो तो वजनदार आणि टाच रोवून उभा राहणारा. छोट्या ट्रॅक्टरचं वजन असतं पाऊण टनाच्या आसपास. घट्ट, कोरड्या जमिनीवर टायर त्या वजनाच्या साधारण निम्म्यापर्यंत ओढ देतात, म्हणजे साडेतीनशे किलोच्या आसपास. मोकळ्या भुसभुशीत मातीत त्याहूनही कमी. आता नांगराची बाजू. भारी काळ्या जमिनीत मातीच्या दर चौरस सेंटिमीटर छेदाला अर्धा ते एक किलो ओढ लागते. पंचवीस सेंटिमीटर रुंद आणि वीस सेंटिमीटर खोल तास काढायचं तर छेद झाला पाचशे चौरस सेंटिमीटर. ओढ हवी अडीचशे ते पाचशे किलो. म्हणजे एका फाळाचा नांगरसुद्धा या ट्रॅक्टरच्या कुवतीच्या काठावर आहे. दोन फाळांचा घेतला तर चाकं जागच्या जागी फिरतील आणि मालक मागे दगड लादून पाहील.

याच गणितात एक गंमत दडलेली आहे. साडेतीनशे किलोची ओढ, वेग सेकंदाला एक मीटर. भागिले पंचाहत्तर. उत्तर येतं पावणेपाच अश्वशक्तीच्याही खाली. पंधरांपैकी पाचसुद्धा नाही! उरलेली शक्ती इंजिनात आहे, पण चाकांतून जमिनीपर्यंत पोचवायला वाट नाही.

ती वाट काढली आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड नावाच्या ऑस्ट्रेलियन तरुणाने. १९१२ साली न्यू साउथ वेल्समधल्या गिलगंड्राला, वडिलांच्या शेतावर, त्याने शक्ती चाकांना न देता थेट फिरत्या पात्यांना द्यायचा प्रयोग केला. सुरुवातीची पाती माती बाजूला भिरकावत. मग त्याने इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखी वाकवलेली पाती बसवली आणि रोटाव्हेटर जन्माला आला. यात ओढायचं जवळजवळ काहीच नसतं. चाकांच्याच दिशेने फिरणारी पाती उलट ट्रॅक्टरला पुढे ढकलतात. हलक्या ट्रॅक्टरमागे मीटरभर रुंदीचा रोटाव्हेटर आरामात चालतो तो यामुळे. यांत्रिकीच्या दृष्टीने इतकी देखणी कल्पना शेतीच्या अवजारांत क्वचित सापडते. गावोगाव त्याचं एवढं वेड का, हे कळायला आणखी काही नको.

तर मग वाचकाने रोटाव्हेटरच घ्यावा? ट्रॅक्टरला तो सोयीचा आहे. मातीचं मत वेगळं आहे.

सुपं, इंदापूर, दौंड, शिरूर या पट्ट्यातल्या माळावर माती किती असते? बऱ्याच ठिकाणी वीतभरही नाही, खाली मुरूम. तेवढ्या थरात मारवेल, पवन्या, शेडा, डोंगरी या गवतांची मुळं एकमेकांत विणलेली असतात. त्यातली बरीच बहुवर्षायू आहेत. दर पावसाळ्यात बी उगवायची वाट न पाहता जुन्या ठोंबातून फुटतात. पात्यांनी हा थर एकदा पिठासारखा केला की ठोंब मेले, ढेकळांची रचना मोडली आणि पहिल्या जोरदार सरीत वर पापडी धरली. पाणी मुरायचं थांबून वाहायला लागतं. ओल जास्त असताना काळ्या मातीत रोटाव्हेटर घातला, तर पाती ज्या खोलीवर घासतात तिथे घट्ट थर तयार होतो, तो वेगळाच.

आणि रिकाम्या झालेल्या जागी काय येतं? पुणेकरांना हे सांगायला नको. गाजरगवताची भारतातली पहिली नोंद पुण्यातलीच, १९५६ची. एकेक झाड हजारोंनी बी टाकतं आणि उघडी, नुकतीच हलवलेली माती त्याला फार आवडते.

मातीतल्या बियांना धीर किती असतो, याचा एक प्रयोग मला अतिशय प्रिय आहे. विल्यम बील या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ साली वीस बाटल्यांत वाळू आणि तणांचं बी भरून मिशिगनच्या कॉलेजच्या आवारात पुरलं. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली काढायची आणि काय उगवतं ते पाहायचं. बील गेले, त्यांचे वारसदार गेले, प्रयोग चालूच. २०२१मध्ये, म्हणजे १४२ वर्षांनी, पुढची बाटली निघाली आणि त्यातलंही काही बी उगवलं! ही बाटली उकरतात रात्री, अंधारात; कारण अनेक तणांच्या बियांना उगवायला क्षणभराचा उजेड पुरतो. नांगरट करताना खालची माती वर येते तेव्हा नेमकं हेच घडतं. म्हणून जर्मनीत कार्ल हार्टमान यांनी १९९०च्या सुमारास रात्री नांगरट करून पाहिली आणि तण खूपच कमी आल्याचं जाहीर केलं. बातमी गाजली. नंतरच्या प्रयोगांत मात्र परिणाम कधी दिसला, कधी नाही, तेव्हा वाचकाने हेडलाइट बंद करून ट्रॅक्टर चालवायच्या भानगडीत पडू नये.

नांगरट टाळायची गोष्ट निघाली की हल्ली लोक एडवर्ड फॉकनरचं नाव घेतात. १९४३ साली त्याने अमेरिकेत पुस्तक लिहिलं की नांगर हीच मुळात चूक आहे. धुळीच्या वादळांनी तिकडची शेती नुकतीच उडवली होती. पुस्तक धडाक्यात खपलं. आज ‘शून्य मशागत’ म्हणून जे खपवलं जातं, त्याच्या मागे हा आवेश आहे. मला राग येतो तो याच वर्षांत इथे झालेलं काम कुणी आठवत नाही याचा. १९२३ साली पुण्याजवळ मांजरीला व्ही. ए. ताम्हणे यांनी कोरडवाहू शेतीवर संशोधन सुरू केलं. ते पुढे नेलं ना. वि. कानिटकरांनी, आणि १९३३पासून ते सोलापूरच्या केंद्रात वाढलं. शेताच्या तुकड्यावरून पावसाबरोबर किती पाणी आणि किती माती वाहून गेली, हे तिथे वर्षानुवर्षं मोजलं गेलं. कानिटकरांचं कोरडवाहू शेतीवरचं पुस्तक आलं १९४४ साली, फॉकनरनंतर वर्षभराने. ते विमानतळावर कधीच विकलं गेलं नाही.

त्यांचा सल्ला काय होता? खोल नांगरट तीन वर्षांतून एकदा. एरवी बांधबंदिस्ती, शेणखत, बी कमी, ओळींत अंतर जास्त आणि पुन्हापुन्हा कुळवाच्या उथळ पाळ्या. कुळवाची पास, म्हणजे त्याचं आडवं पातं, जमिनीखाली दोन-तीन बोटं सरकते, तणाचं मूळ कापते, वरची माती मोकळी करते आणि खालच्या थराला हात लावत नाही. फॉकनरसारखी नांगरावर बंदी नाही आणि रोजची नांगरटही नाही. जमीन पाहून, मोजून ठरवलेलं प्रमाण. या पद्धतीने उत्पन्न वाढलं पंधरा-वीस टक्के, तेही मुळातच तुटपुंज्या उत्पन्नावर. पुढच्या काळात संकरित बियाण्यांच्या उड्या पाहिलेल्या लोकांना ते किरकोळ वाटलं आणि कानिटकर कृषी पदवीच्या एका प्रश्नापुरते उरले. पण आपल्या वाचकाला क्विंटल मोजायचेच नाहीत. माती जागेवर राहावी, पाणी मुरावं, तण दबावं, एवढंच हवंय. त्यासाठी मांजरी-सोलापूरचं उत्तर आजही चोख आहे.

म्हणून जुन्या बाजरीच्या तुकड्यापुरतं अवजार : ट्रॅक्टरला जोडायचा कुळव, पास साडेतीन-चार फुटांची. असा कुळव तालुक्याच्या ठिकाणचा लोहार आजही करून देतो. उथळ चालवला तर हलक्या ट्रॅक्टरला तो झेपतो. तुकड्यात हरळी किंवा कुंदा माजला असेल तरच पहिल्या वर्षी एक नांगरट, उन्हाळ्यात, ढेकळं तापू देण्यासाठी. पाच फणांचा कल्टिव्हेटर वाईट नाही, फक्त काही फण काढून टाका. वाफसा असेल तेव्हाच औत घाला, ही सूचना आजोबांनी दिली असेलच.

पेरायचं काय, यावर थोडं थांबायला हवं. चिंकारा काळवीटासारखा गवतावर जगणारा नाही. तो बोरीचा पाला, बाभळीच्या शेंगा, छोट्या रानवनस्पतींची पानं-फुलं जास्त खातो आणि पाण्यावाचून दीर्घकाळ काढतो. ज्वारी-मका पेरलात तर पहिले पाहुणे रानडुक्कर असतील, आणि त्यांच्या मागोमाग गावची कुत्री. चिंकाऱ्याला सध्या लांडग्यापेक्षा कुत्र्यांचा त्रास जास्त आहे. तेव्हा तुकड्यावर मारवेल-पवन्याचं बी फेकून पेरा, पावसाच्या तोंडावर, मातीने जेमतेम झाकेल इतकंच. आणि कडेने बोरी येऊ द्या. मेळघाटात बोरी, कोहा, कुंड अशा गावांचं पुनर्वसन झाल्यावर जुन्या शेतांची कुरणं करताना मुख्य कष्ट पेरणीचे नव्हतेच. तरोटा आणि रानतुळस फुलायच्या आत हाताने उपटणं, तेही वर्षानुवर्षं, हे काम होतं. त्याला जोडायचं अवजार कुठलीच कंपनी विकत नाही.

राहिलेल्या साडेतीन-चार एकर माळावर काहीच करू नका, कारण तिथे पेरणी आधीच चालू आहे. माळावरून फिरताना मोज्यात घुसणारं कुसळ हे फिरतं अवजारच आहे. बियाच्या मागचा लांब काळा शेपटा कोरडा असताना पीळ धरतो, ओला झाला की उलगडतो. दिवसा-रात्रीच्या दमटपणाबरोबर तो फिरत राहतो आणि पुढचं टोकदार बी जमिनीत शिरतं. टोकावरचे केस मागे वळलेले, म्हणून शिरलेलं बी परत निघत नाही. मोज्याच्या बाबतीतही हेच तत्त्व. अशा बियांची यंत्ररचना उलगडून दाखवली फ्रान्सिस डार्विनने, १८७६ साली, लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे. वडिलांच्या सावलीमुळे हा उत्तम प्रयोगकर्ता कायम झाकला गेला. ही कुसळी, म्हणजे कुसळाचं गवत, कोवळी असताना गुरं-हरणं आवडीने खातात. फुलोऱ्यावर आली की तोंड लावत नाहीत. गवत आधी पोट भरतं, मग पेरतं.

माळावरच्या गवतात वर्षानुवर्षं झाडं लावायचा आणि चर खणायचा उत्साह आपण दाखवला, मग लक्षात आलं की लांडगे, चिंकारे, धाविक पक्षी हे सगळे उघड्या माळाचे रहिवासी. आता सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य आहे, कडबनवाडी-शिर्सुफळला वनविभागाची गवताळ सफारी आहे, माळाला पडीक म्हणायची सवय हळूहळू सुटते आहे. जमीन वनखात्याच्या हद्दीला लागून असेल तर मात्र औत घालण्याआधी मोजणीचे दगड पाहून घ्या. हद्दीपलीकडे एक पाळीही घालता येत नाही.

आणि रोटाव्हेटर घेऊन झालाच असेल, तर त्यालाही काम आहे. डिसेंबर-जानेवारीत, गवत वाळल्यावर, रस्त्याच्या आणि बांधाच्या कडेने दोन-तीन मीटर रुंदीचा पट्टा त्याने स्वच्छ उलटा करा. कोरड्या मातीत त्या दिवसांत फारसं उगवत नाही, आणि मार्च-एप्रिलमध्ये कुणी पेटती विडी टाकली तर आग त्या पट्ट्याशी थांबते. कुरणाच्या कडेच्या अशा पट्ट्याला वनरक्षक जाळरेषा म्हणतात. ती दर वर्षी नव्याने काढावी लागते, तेव्हा ट्रॅक्टर वाया गेला असं वाटायचं कारण नाही.