दहाव्या दिवसाचा ताप

आमच्या मोठ्या नणंदेला घरात सगळेच आपा म्हणतात. स्तनाच्या कर्करोगाची पहिली केमो देऊन त्यांना नाशिकहून रनाळ्याला आणले, तेव्हा आम्ही तयारी केली होती ती फक्त उलट्यांची. खाटेजवळ बादली, लिंबू, आल्याचे तुकडे. केमो म्हणजे उलट्या आणि केस जाणे, एवढेच आम्ही ऐकून होतो. उलट्या झाल्या, पण दोनच दिवस. आठव्या दिवशी आपा उठून चुलीशी येऊन बसल्या आणि आम्ही अल्हम्दुलिल्लाह म्हणून मोकळे झालो. दहाव्या दिवशी रात्री त्यांना ताप आला. खरा धोका तो होता, आणि घरात एकालाही ते ठाऊक नव्हते. मी बी.एड. झालेली शिक्षिका, मलाही नाही.

त्या दिवशी घर पाहुण्यांनी भरले होते. आपा बऱ्या आहेत असे कळल्यावर नातेवाईक इयादतीला आले, सोबत लेकरेही. त्यातल्या एकाचे नाक वाहत होते. रात्री अकराला अंग तापले. थर्मामीटरवर १०१. आम्ही पॅरासिटामॉलची गोळी दिली, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या, अम्मींनी दुआ पढून दम केला. ताप थोडा उतरला, आम्ही झोपलो. फजरला पाहिले तर आपांचे हात थंडगार, बोलणे अडखळत होते. नंदुरबारला नेले. रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी जवळजवळ नव्हत्याच. सहा दिवस सलाईनमधून अँटिबायोटिक चालले. "रात्रीच आणायला हवे होते," एवढेच डॉक्टर म्हणाले. ते वाक्य मी विसरलेले नाही.

असे का होते? केमोची औषधे भराभर वाढणाऱ्या पेशींना मारतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतातच, पण केसांची मुळे, तोंडाचे आणि आतड्याचे अस्तर आणि हाडांतला मगज, जिथे रक्त तयार होते, तेथील पेशीही तशाच. म्हणून केस जातात, तोंड सोलते आणि डोस झाल्यावर साधारण ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान पांढऱ्या पेशी सर्वांत खाली येतात. फसवणूक इथेच होते. मळमळ थांबलेली असते, बाई हिंडू-फिरू लागते, आणि नेमक्या त्याच दिवसांत तिच्या अंगात जंतूंशी लढायला कोणी नसते. खोकला, पू, सूज हीसुद्धा नीट दिसत नाहीत, कारण ती दाखवायलाही पांढऱ्या पेशी लागतात. ताप हीच एक खूण असते, आणि गोळी देऊन आपण ती झाकतो.

तेव्हा ज्या घरात केमो चालू आहे तिथे एवढे पक्के असावे: ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला किंवा थंडी वाजून आली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना. दुआ गाडीत बसून करता येते. डॉक्टरांपुढे पहिले वाक्य हेच असावे, "केमो चालू आहे, आज दहावा दिवस आहे, ताप आहे." नाहीतर साधा ताप समजून बाकावर बसवून ठेवतात. आम्ही नंतर एक कापडी थैली भरून खुंटीला टांगली. त्यात फाईल, थर्मामीटर, कपडे, थोडे पैसे, नाशिकच्या डॉक्टरांचा आणि गावातल्या दोन गाडीवाल्यांचा नंबर. शहरात हे अतिरेकी वाटेल. रनाळ्यात रात्री गाडी शोधण्यातच तास जातो.

पाहुण्यांचे काय करायचे, यावरून घरात वाद झाला. इयादत सुन्नत आहे, दारातून परत कसे पाठवायचे? पण आजारी उंट निरोगी उंटांत नेऊ नये, ही प्रेषित (स.) यांची शिकवणही हदीसमध्येच आहे. आपांच्या मुलीने मग मार्ग काढला. सातव्या दिवसापासून दोन आठवडे पाहुण्यांनी ओसरीवर बसायचे आणि आपांशी खिडकीतून बोलायचे. सर्दी-खोकला असेल त्याने फोन करायचा. काही जण रुसले. रुसू द्यावे.

घरी आल्यावर आपा म्हणाल्या, "आता दुसरी केमो नाही. हे औषधच मला मारील." आधीच मुलीच्या रिश्त्याचे अडेल म्हणून त्यांनी गाठ चार महिने लपवली होती. तीन दिवस कोणाचेच ऐकेनात. आम्ही त्यांना परत डॉक्टरांसमोर बसवले, हे बरे झाले. पांढऱ्या पेशी वाढवणारे इंजेक्शन असते, ते पुढच्या वेळी केमोच्या दुसऱ्या दिवशी पोटावर देऊ, त्याने हाडे दुखतील पण असा ताप येण्याची शक्यता बरीच कमी होईल, असे त्यांनी समजावले. शस्त्रक्रियेनंतर केमो घेतलेल्या बायकांत आजार उलटण्याचे प्रमाण कमी होते, हे इटलीच्या डॉ. बोनादोना यांनी मिलानमध्ये ३८६ स्त्रियांवर अभ्यास करून १९७६ मध्येच दाखवले होते. मधेच सोडले तर तो फायदा हातचा जातो.

उलट्यांची भीती आपल्याकडे जुन्या काळातून आली आहे. ऑनडानसेट्रॉनसारख्या गोळ्या १९९० च्या सुमारास आल्या, त्याआधीच्या रुग्णांचे हाल वेगळेच होते. अलीकडे ओलान्झापिनही देतात, पण त्याने फार झोप येते. मुंबईच्या टाटा रुग्णालयातील डॉक्टरांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १० मिलिग्रॅमऐवजी २.५ मिलिग्रॅमनेही तितकेच काम होते आणि गुंगी कमी येते असे दिसले. गोळीने झोप अनावर होत असेल तर डॉक्टरांना विचारा, स्वतः बंद करू नका. आणि बिर्याणीसाठी कांदा तळायचाच असेल तर दुसऱ्याच्या घरी तळा. त्या वासाने आपांना अर्ध्या तासात उलटी व्हायची.

तोंडात फोड आल्यावर नंदुरबारची मिरची घरातून हद्दपार झाली. मऊ खिचडी, गार केलेली यखनी, पूर्ण उकडलेले अंडे, खीर. लिटरभर कोमट पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून चार-पाच चुळा. मिस्वाक काही दिवस बाजूला ठेवून मऊ ब्रश वापरावा, हिरड्यांतून रक्त येते. लाल औषधानंतर एक-दोन दिवस लघवी लाल होते, ते रक्त नसते. कोणी प्रेमाने कलौंजीच्या तेलाच्या कॅप्सूल किंवा जडीबुटी आणून दिली, तर आधी डॉक्टरांना दाखवावी.

केस सतराव्या दिवशी उशीवर आले. डोक्यावर दुपट्टा असल्याने बाहेर कोणाला कळत नाही, हे खरे. पण आपा घरातही, मुलींसमोरही, दुपट्टा काढेनात. त्यावर माझ्याकडे उपाय नव्हता. धाकटी एक दिवस जाऊन त्यांच्या डोक्याला तेल लावू लागली, तेव्हा त्या रडल्या आणि मग सुटले ते.

पुढच्या पॅक्लिटॅक्सेलने बोटे बधिर झाली. वुजूचे पाणी किती गरम आहे हे कळेना, एकदा हात भाजला. पाणी दुसऱ्याने पाहून द्यावे. सलाईनच्या सुईमुळे पाणी चालत नसेल तर तयम्मुम आहे, उभे राहवत नसेल तर बसून नमाज आहे. रमजान मध्ये आला तर आजाऱ्याला रोजा पुढे कजा करण्याची मुभा खुद्द कुरआनने दिली आहे. आपांना ते पटायला आमच्यापेक्षा इमामसाहेबांचा फोन जास्त उपयोगी पडला.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमो बसते, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत. रुग्णालय योजनेत आहे का ते आधी विचारावे. रेल्वेत रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीचे भाडे पूर्ण माफ असते, त्याचा फॉर्म रुग्णालयातून भरून घ्यावा लागतो.

तिसऱ्या केमोनंतर नवव्या रात्री पुन्हा १००.६ ताप आला. पावणेबारा वाजले होते. कोणी गोळी शोधली नाही. थैली खुंटीवरून काढली, पहिल्या गाडीवाल्याने फोन उचलला नाही, दुसऱ्याने उचलला. तासाभरात इंजेक्शन सुरू झाले आणि तिसऱ्या दिवशी आपा घरी होत्या.

त्यांचे उपचार संपले. गेल्या महिन्यात शेजारच्या गावातील एका बाईला केमो सुरू झाल्याचे कळले, तेव्हा आपांनी ती थैली धुऊन, थर्मामीटरसह, तिच्या घरी पाठवली.