राजा किती उंच, पट किती रुंद?

रात्रीची जेवणे आटोपली, की त्या घरात आजोबा आणि त्यांची नऊ वर्षांची नात बुद्धिबळाचा पट मांडून बसत. पट जुना, लाकडी. एका घोड्याचा कान तुटलेला आणि हरवलेल्या प्याद्याच्या जागी बाटलीचे बूच. नातीच्या वाढदिवसाला कुणीतरी चुंबकाचा, घडीचा देखणा संच भेट दिला आणि जुना पट माळ्यावर गेला. पुढच्या महिन्याभरात आजोबांचे खेळणे हळूहळू थांबले. ‘आज नको, उद्या पाहू,’ असे ते म्हणू लागले. त्यांचे आता खेळात मन रमत नाही, असा नातीने समज करून घेतला. खरे कारण निराळे होते. बोटाच्या पेराएवढ्या मोहऱ्यांमध्ये उंट कोणता आणि प्यादे कोणते, हेच त्यांना दिव्याच्या उजेडात ओळखू येत नव्हते. आणि ते बोलून दाखवण्याचा त्यांना संकोच वाटत होता.

बुद्धिबळाचा संच घेताना रंग पाहिला जातो, किंमत विचारली जाते. आकार मात्र क्वचितच मोजला जातो. वास्तविक, संच वर्षानुवर्षे वापरात राहणार की कपाटात पडून राहणार, हे बहुतांशी आकारावरच ठरते.

प्रमाण माप कोणते?

आज सर्वत्र रूढ असलेली मोहऱ्यांची घडण ‘स्टाँटन’ या नावाने ओळखली जाते. १८४९ साली ती लंडनमध्ये बाजारात आली आणि त्या काळचे नामांकित खेळाडू हॉवर्ड स्टाँटन यांचे नाव तिला मिळाले. रुंद पाया आणि चटकन ओळखू येणारे डोके ही तिची वैशिष्ट्ये. आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाने, म्हणजेच ‘फिडे’ने, स्पर्धांसाठी याच घडणीची शिफारस केली आहे. तिच्या मापांनुसार राजाची उंची सुमारे ९.५ सेंटिमीटर, वजिराची ८.५, उंटाची ७, घोड्याची ६, हत्तीची ५.५ आणि प्याद्याची ५ सेंटिमीटर असावी. मोहऱ्याच्या पायाचा व्यास त्याच्या उंचीच्या ४० ते ५० टक्के आणि पटावरील घराची बाजू ५ ते ६ सेंटिमीटर असावी.

दुकानात ही सारी आकडेमोड करण्याची गरज नाही. दोन सोप्या कसोट्या पुरेशा आहेत. पहिली, चार प्यादी एकाच घरात दोन-दोनच्या रांगेत उभी करून पाहावीत. ती चारही घरात नेमकी मावली, तर पट आणि मोहरे एकमेकांना साजेसे आहेत. दुसरी, राजा घराच्या मधोमध ठेवावा. त्याच्या पायाने घराच्या रुंदीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग व्यापलेला असावा. ५७ मिलिमीटरच्या घरावर ४३-४४ मिलिमीटर पायाचा राजा शोभतो, तो याच हिशेबाने.

हे प्रमाण बिघडले, की खेळ बिघडतो. घरे लहान आणि मोहरे मोठे असतील, तर एक उचलताना शेजारचे दोन कलंडतात. स्पर्धेत सांडलेले मोहरे जागेवर लावण्याचा वेळ त्याच खेळाडूच्या घड्याळातून जातो. उलट, ऐसपैस घरांवर चिमुकले मोहरे विखुरल्यासारखे दिसतात आणि कोण कोणाच्या माऱ्यात आहे, हे नजरेला चटकन जाणवत नाही.

घर, जागा आणि खेळणारे

आकार निवडण्यापूर्वी खेळणार कोण, कुठे आणि कशासाठी, या तीन प्रश्नांची उत्तरे घरच्यांनी शोधावीत.

स्पर्धेत उतरणाऱ्या मुलांसाठी घरातही पूर्ण मापाचाच संच असावा. ५७ मिलिमीटरच्या आठ घरांची रुंदी ४५.६ सेंटिमीटर होते. कडा धरून पट साधारण ५० सेंटिमीटरचा भरतो. शिवाय मारलेले मोहरे, घड्याळ आणि कोपर यांना जागा हवी. त्या मापाचा वर्तमानपत्राचा चौकोन कापून आधी मेजावर किंवा चौरंगावर अंथरून पाहिला, की अंदाज येतो. गुंडाळता येणारा रेक्झिनचा पट आणि प्लास्टिकचे वजनदार मोहरे हा यातला स्वस्त आणि टिकाऊ पर्याय आहे.

जागा अपुरी असेल, तर साडेसात सेंटिमीटरचा राजा आणि साडेचार सेंटिमीटरच्या आतबाहेरची घरे असलेला संच घरगुती खेळाला उत्तम. चुंबकाचे छोटे संच प्रवासासाठी सोयीचे. आगगाडीच्या हेलकाव्यांत त्यांची खरी उपयुक्तता कळते. मात्र रोजच्या सरावाचा भार त्यांच्यावर टाकू नये.

लहान मुलांना लहान संच, हा समज तपासून पाहण्याजोगा आहे. लहानग्यांच्या मुठीला मोठा मोहराच धरायला सोपा जातो. अडचण येते ती बैठकीची. डोळे पटाच्या जवळजवळ पातळीला असले, की पुढचा राजा मागचे प्यादे झाकतो. अशा वेळी संच लहान करण्याऐवजी मुलाच्या खाली एक उशी द्यावी. घरात रांगते मूल असेल, तर चुंबकाचे मोहरे त्याच्या हाती लागणार नाहीत, याची काळजी घ्यावीच. एकाहून अधिक चुंबक पोटात गेले, तर ते आतड्याच्या पदरांतून एकमेकांना ओढतात आणि गंभीर इजा होते.

दृष्टी मंदावलेल्यांसाठी उंची जितकी महत्त्वाची, तितकीच रंगांची फारकतही. चकाकणारे मोहरे आणि चकाकणारा पट टाळावा. काळ्या मोहऱ्यांखाली काळी घरे असण्यापेक्षा तपकिरी किंवा हिरवी घरे बरी. पूर्ण दृष्टिहीनांसाठी वेगळ्या रचनेचे पट मिळतात. त्यांतील गडद घरे किंचित उंच असतात, प्रत्येक घराला छिद्र आणि मोहऱ्याला खुंटी असते, तर काळे मोहरे स्पर्शाने ओळखता येतील अशी खूण त्यांवर असते.

मोहरे कशाचे आहेत, हेही विचारावे. हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आली असली, तरी उंटाच्या हाडाचे संच अजून विकले जातात. शिसवी लाकूड आणि उत्तम प्लास्टिक हाताशी असताना खेळातल्या उंटासाठी खऱ्या उंटाच्या हाडाची आवश्यकता नाही.

पुन्हा मांडलेला पट

त्या घरात उलगडा झाला, तो शाळेच्या स्पर्धेमुळे. मोठ्या पटावर नातीची नजर सैरभैर झाली. कोपऱ्यातला उंट तिला दिसलाच नाही आणि वजीर गेला. घरी आल्यावर तिने माळ्यावरचा पट सरावासाठी खाली काढायला लावला. ती एकटीच डाव मांडत असताना आजोबा शेजारी येऊन बसले. काही वेळाने त्यांनी उंट उचलला, हातात फिरवला आणि म्हणाले, “हा मला दिसतो गं.”

चुंबकाचा संच आता प्रवासाच्या पिशवीत असतो. बुचाच्या प्याद्याने मात्र आपली जागा सोडलेली नाही.