एक डिस्क, दोन कार्यप्रणाली

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स या दोन कार्यप्रणाली ठेवायच्या असतील, तर हार्ड डिस्कचे विभाग, म्हणजेच पार्टिशन, आधीच विचारपूर्वक आखावे लागतात. मात्र खरी जोखीम प्रत्येक प्रणालीच्या स्वतंत्र विभागात नसून दोघींना सामाईक असलेल्या जागांत असते.

१९८३ मध्ये पीसी-डॉस २.० बरोबर आलेल्या एमबीआर पद्धतीत डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांच्या सेक्टरमध्ये विभागांच्या नोंदी आणि संगणक सुरू करणारी छोटी आज्ञावली, म्हणजे बूट लोडर, एकत्र राहत असत. नोंदींसाठी ६४ बाइट आणि प्रत्येक नोंदीला १६ बाइट असल्यामुळे मुख्य विभाग चारच पाडता येत, आणि बूट लोडरसाठी एकच जागा असल्यामुळे नंतर बसवलेली विंडोज लिनक्सचा लोडर पुसून टाकत असे. पुढे आलेल्या जीपीटी पद्धतीत साधारणपणे १२८ विभागांची सोय असते आणि नोंदींची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवली जाते. शिवाय तिच्या जोडीने येणाऱ्या यूईएफआय व्यवस्थेत ईएसपी नावाचा एक छोटा विभाग असतो, ज्यात प्रत्येक प्रणालीचा लोडर आपापल्या फोल्डरमध्ये राहतो. विंडोज हा विभाग बहुधा १०० मेगाबाइटांचाच करते. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, तिथेच ठेवायचा असल्यास ही जागा अपुरी पडते आणि लगत दुसरे विभाग असल्याने ती नंतर वाढवणे जिकिरीचे होते, म्हणून नव्या डिस्कवर सुरुवातीलाच ५०० मेगाबाइट ते १ गिगाबाइट राखणे शहाणपणाचे.

विंडोजचा विभाग लहान करून लिनक्ससाठी जागा मोकळी करताना ते काम विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटकडे सोपवावे, आणि त्याआधी महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढावी. जीपीटीची दुसरी प्रत विभागांच्या सीमा वाचवते, त्यांतील मजकूर नव्हे.

सर्वाधिक काळजी मात्र दोन्हीकडून वापरायच्या फायलींच्या विभागाची घ्यावी लागते. लिनक्सची ईएक्सटी४ ही फाइल-रचना विंडोजला स्वतःहून वाचता येत नाही, तर विंडोजची एनटीएफएस लिनक्स वाचू आणि लिहू शकते, त्यामुळे सामाईक विभाग बहुधा एनटीएफएसचा केला जातो. विंडोज ८ पासून आलेल्या ‘फास्ट स्टार्टअप’ सुविधेत मात्र संगणक बंद केला तरी कर्नलची स्थिती डिस्कवर जपली जाते आणि फाइल-रचना अर्धवट उघडीच राहते. अशा विभागावर लिहिण्यास लिनक्स सहसा नकार देते, परंतु वापरकर्त्याने जबरदस्तीने लिहिले, तर पुन्हा जागी झालेली विंडोज जुन्याच स्मृतीवर विसंबते आणि फायली बिघडू शकतात. ही सुविधा बंद ठेवणे हाच यावरील भरवशाचा उपाय आहे. लिनक्स हायबरनेट करून विंडोज सुरू केल्यास हाच धोका उलट दिशेने उद्भवतो, म्हणून सामाईक विभाग जोडलेला असताना तिलाही पूर्णपणे बंद करूनच दुसरीकडे वळावे.