बलकाचा पिवळा रंग येतो कुठून?

नाशिकच्या बाजारात गावरान अंडी घेताना गिऱ्हाईक हमखास विचारते, ‘बलक पिवळाधमक निघेल ना?’ अंड्याचा कस रंगावरून ठरवायची ही सवय जुनी आहे. ‘बलक’ या शब्दात मात्र रंगाचा मागमूस नाही. त्यामुळेच ‘पिवळा बलक’ असे फोड करून सांगावे लागते आणि कित्येक घरांत त्याच्या भोवतीच्या भागालाही सर्रास ‘पांढरा बलक’ म्हणतात.

शेजारच्या हिंदीने नाव रंगावरूनच ठेवले, जर्दी. फारसीत जर्द म्हणजे पिवळा. आपला जर्दाळू आणि पानातला जर्दा त्याच घरातले. इंग्रजीतला ‘योक’ हा ‘यलो’चा भाऊबंद. जीवशास्त्राच्या मराठी पुस्तकांनीही पारिभाषिक शब्द घडवताना तीच वाट धरली आणि ‘पीतक’ रूढ केला. लॅटिनमधला ‘व्हिटेलस’ तेवढा वेगळा, कारण त्याचा दुसरा अर्थ आहे छोटे वासरू.

बोलीतला बलक रंगाशी बांधला गेला नाही, हे वस्तुस्थितीला धरूनच आहे. हा पिवळेपणा कोंबडीच्या अंगचा नसतोच. झँथोफिल गटातली रंगद्रव्ये तिला शरीरात तयार करता येत नाहीत, ती खाण्यातून मिळवावी लागतात. नुसती पांढरी ज्वारी आणि तांदळाची कणी खाणाऱ्या कोंबडीच्या अंड्यात बलक फिकट, जवळजवळ पांढुरका निघतो. पिवळा मका घातला की रंग चढतो.

आणि मका म्हटला की नाशिक जिल्हा आलाच. दिवाळीच्या सुमारास येवला, लासलगाव, मालेगावच्या बाजार समित्यांत नव्या मक्याची आवक वाढते. देशात पिकणाऱ्या मक्याचा मोठा वाटा कोंबडीखाद्यात जातो, म्हणजे येवल्याच्या शेतातला रंग फिरून ताटात येऊ शकतो. दसऱ्याला दारी बांधतो तो झेंडूही या व्यवहारात आहे. त्याच्या पाकळ्यांत ल्युटीन हे झँथोफिल गटातलेच रंगद्रव्य भरपूर असते. ते काढून खाद्यात मिसळले की बलक गडद होतो. रंग मोजायला पोल्ट्रीवाल्यांकडे फिकट पिवळ्यापासून गडद नारिंगीपर्यंत क्रमाने लावलेल्या पट्ट्यांचा पंखा असतो. अंडे फोडायचे, पंखा शेजारी धरायचा आणि जुळणाऱ्या पट्टीचा आकडा वाचायचा.

तेव्हा गडद बलक म्हणजे गावरान अंडे, ही खूण भरवशाची नाही. मोकळी फिरणारी कोंबडी हिरवा पाला टिपते, त्यातूनही ल्युटीन मिळते, हे खरे; पण तोच रंग पिंजऱ्यातल्या कोंबडीला खाद्यातून देता येतो. शिवाय रंग गडद झाला म्हणून प्रथिने वाढत नाहीत.

बलकाचे खरे मोल त्याच्या घडणीत आहे. त्याचा कच्चा माल कोंबडीच्या यकृतात तयार होतो आणि रक्तावाटे अंडाशयात पोचतो. शेवटच्या साधारण १० दिवसांत बलक थरावर थर चढत झपाट्याने वाढतो, म्हणून खाद्य बदलले की आठवड्या-दीड आठवड्यात रंगही बदलतो. पांढरा भाग आणि कवच त्यानंतर, जेमतेम एका दिवसात चढते. अंड्यातली जवळपास सगळी स्निग्धता आणि अ, ड, ई ही जीवनसत्त्वे बलकातच असतात. व्यायामशाळेत जाणारी मुले पांढरे ठेवून पिवळे टाकून देतात, तेव्हा हा सगळा ऐवज कचऱ्यात जातो.

पिल्लू बलकापासून बनते, असा पुष्कळांचा समज असतो. कच्चे अंडे बशीत अलगद फोडून पाहिले तर बलकावर ३-४ मिलिमीटरचा पांढुरका ठिपका दिसतो. अंडे फलित असेल तर पिल्लू त्या ठिपक्यातून वाढते आणि बलक असतो त्याची शिदोरी. उबवणीच्या २१ दिवसांपैकी अखेरच्या दोन-तीन दिवसांत उरलेला बलक पिल्लू पोटात ओढून घेते. बाहेर आल्यावरही दोन दिवस त्याचे त्यावर भागते. त्यामुळेच हॅचरीतून निघालेली एका दिवसाची पिल्ले खोक्यांत भरून, वाटेत दाणापाणी न देताही दूरच्या शेडपर्यंत सुखरूप पोचवता येतात.