फैजपूरचा न सुटलेला वाद

डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले पहिलेच. चित्रकार नंदलाल बोस यांनी सजवलेले बांबूचे अधिवेशनस्थळ, टिळकनगर, अजून आठवले जाते, पण तिथला वाद मात्र विस्मरणात गेला आहे.

प्रश्न होता प्रांतांना निवडून आलेली सरकारे देणाऱ्या १९३५ च्या भारत सरकार कायद्याचा. कायदा नाकारायचा आणि निवडणुका लढवायच्या, इथवर ठरले होते. जिंकल्यावर मंत्रिपदे घ्यायची का? अध्यक्ष जवाहरलाल नेहरू आणि समाजवादी म्हणत, नको. गव्हर्नरच्या हाती विशेषाधिकार असताना सत्ता नाममात्र आणि बदनामी मात्र आपली. राजाजी, सत्यमूर्ती या काँग्रेस नेत्यांचे म्हणणे, मिळेल त्या अधिकारातून लोकांची कामे करू. अधिवेशनाने निर्णय निवडणुकीनंतरपर्यंत पुढे ढकलला. हा पळपुटेपणा नव्हता, असे मला ठामपणे वाटते. मतदारांचा कौलच अजून यायचा होता.

अशा वादात आधी पाहावे, की दोघांचे ध्येय वेगळे की मार्ग. इथे ध्येय एकच होते. मग कोणाचे भाकीत तपासता येते, ते पाहावे. जुलै १९३७ मध्ये पदे स्वीकारली गेली. राजाजींच्या म्हणण्याप्रमाणे मुंबईत बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने शेतकऱ्यांच्या जप्त जमिनी परत मिळवून दिल्या. पण नेहरूंच्या भीतीप्रमाणे बदनामीही आली: त्याच सरकारच्या कामगार कायद्याविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी डॉ. आंबेडकरांच्या पक्षाला संपात उतरावे लागले. आणि १९३९ मध्ये व्हाइसरॉयने कुणालाही न विचारता भारताला युद्धात ओढले, तेव्हा काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले.