दोन टक्के आणि दानत

नफ्यात समाजाचाही वाटा असतो, ही भावना आपल्याकडे जुनी आहे. जमशेटजी टाटा यांनी १८९२ मध्ये भारतीयांच्या उच्च शिक्षणासाठी निधी स्थापन केला, तेव्हा कोणताही कायदा त्यांना तसे करण्यास भाग पाडत नव्हता. आज हा वाटा कायद्याने ठरवून दिला आहे.

कंपनी कायदा, २०१३ चे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. मागील आर्थिक वर्षात नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांपैकी एक मर्यादा गाठली तरी कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम शिक्षण, आरोग्य, पर्यावरण अशा कार्यांवर खर्च करावी लागते.

प्रारंभी नियम सौम्य होता. खर्च झाला नाही, तर संचालकांच्या अहवालात कारण नमूद करणे पुरेसे असे. २२ जानेवारी २०२१ पासून ही वाट बंद झाली. चालू प्रकल्पाची अखर्चित रक्कम वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत बँकेतील स्वतंत्र खात्यात जमा करून तीन वर्षांत खर्चावी लागते. अन्य शिल्लक सहा महिन्यांत विहित निधीत भरावी लागते.

सरासरी नफा १० कोटी असलेल्या कंपनीचे उदाहरण घ्यावे. तिचे दायित्व २० लाखांचे. त्यातील ८ लाख खर्चलेही नाहीत आणि मुदतीत भरलेही नाहीत, तर कंपनीस १६ लाख आणि कसूर करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्यास ८० हजार रुपये दंड होऊ शकतो. २०१९ च्या दुरुस्तीत तुरुंगवासाचीही तरतूद होती. ती अमलात येण्यापूर्वीच वगळण्यात आली.

दंडाच्या धाकाने पैसा बाहेर येतो. आस्था येतेच असे नाही. मार्चअखेरच्या घाईत शाळेला संगणक दिले, तर हिशेब पूर्ण होतो. जूनमध्ये तेथे वीज आहे का, शिकवणारा आहे का, हे पाहण्याची सक्ती बहुतेकांवर नाही. प्रकल्पाच्या परिणामांचे स्वतंत्र मूल्यमापन केवळ सरासरी १० कोटी वा अधिक दायित्व असलेल्या कंपन्यांना, तेही मोठ्या प्रकल्पांपुरतेच, बंधनकारक आहे.

कायद्याने दोन टक्के ही किमान मर्यादा म्हटली आहे. ताळेबंदात तीच कमाल होऊन बसली, तर ते दान न राहता आणखी एक कर ठरते. जूनमध्ये त्या शाळेत स्वतःहून डोकावणारा संचालक मात्र कायद्याच्या पुढे एक पाऊल टाकतो. ते पाऊल टाकण्यास कलम १३५ लागू नसलेल्या लहान पेढीलाही कोणाची मनाई नाही.